डावीकडचे एक्क्याऐंशी किलो

नवी गाडी कारखान्यातून चाचणीच्या मैदानावर आली त्या सकाळी मिस्त्रींनी तिच्याभोवती दोन चकरा मारल्या, वाकून खालून पाहिलं, गुडघ्यांवर हात टेकून उठले आणि म्हणाले, "बरी आहे दिसायला. पण दिसण्यावर काय जातंय! पळते कशी ते वहिनी सांगतील."

मिस्त्रींच्या तोंडून 'बरी आहे' निघणं म्हणजे एरवीच्या माणसाने टाळ्या वाजवण्यासारखं. जुन्या गाडीचं नाव तेवढं ठेवून बाकी सगळं नव्याने आखलेलं होतं. बॉनेट लांब, मागची चाकं एकमेकांपासून जास्त लांब, आणि पत्र्याच्या घडीच्या छपराऐवजी दहा सेकंदांत मागे जाऊन बसणारं कापडी छप्पर. इंजिनं दोन ठरली होती, एक चार सिलिंडरचं आणि एक सहाचं, आणि दोन्हींना टर्बो. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर एक पंखा फिरतो आणि तो जास्तीची हवा परत इंजिनात कोंबतो, एवढीच टर्बोची करामत. पण तो पंखा गरगरायला क्षणभर जातो. पाय दाबला की गाडी आधी क्षणभर विचारात पडते आणि मग अंगात आल्यासारखी सुटते.

खुर्च्या मात्र पूर्वीसारख्या दोनच होत्या. उजवीकडे चालवणारा, डावीकडे दुसरा. हा दुसरा नसला तर ती जागा सामान ठेवून झाकायचीही सोय नाही, कारण चाचणीच्या गाडीत सामान ठेवायला मनाई.

वहिनी दार उघडून बसल्या तेव्हा त्यांनी डावीकडे पाहिलं नाही. आठ महिन्यांत त्यांनी कुठलीच गाडी चालवली नव्हती. रोज दोन बस बदलून कामावर यायच्या, कागद तपासायच्या, परत जायच्या. मैदानावर सगळे त्यांना वहिनी म्हणत, अगदी त्यांच्याहून वयाने मोठे असलेले साहेबसुद्धा, कारण मिस्त्री म्हणत. आणि मिस्त्री म्हणत, कारण ज्यांच्यामुळे त्या वहिनी झाल्या ते अठरा वर्षं त्यांच्या डाव्या हाताला बसत आले होते.

त्यांच्या नवऱ्याला मैदानावर कानसेन म्हणत. पठ्ठ्याला गाडी चालवता येत नव्हती असं नाही, पण चालवण्यापेक्षा ऐकण्यात त्याचा जीव. वहिनी चालवायच्या आणि कानसेन शेजारी डोळे मिटून, मांडीवर वही घेऊन, डावा हात दाराच्या कडेवर ठेवून बसायचे. यंत्रं होती की मोजायला, ढीगभर होती. पण टर्बोचा दम नेमका कुठे भरतो हे कानसेनांना यंत्राआधी कळायचं. तो भरला की ते बोटाच्या पेराने दाराच्या कडेवर दोनदा टकटक करायचे. मग डोळे किलकिले करून वहीत एक ओळ लिहायची आणि परत डोळे मिटायचे. बोलायचे नाहीत. बोलायच्या त्या वहिनी, घरातलं, दारातलं, लेकीचं, शेजारणीचं. ते ऐकत की नाही देव जाणे.

एका चाचणीत चार फेऱ्या. प्रत्येक फेरीला सुरुवातीलाच एक आवळ वळण आणि त्याच्यापुढे सव्वा किलोमीटरची सरळ पट्टी. तिथे टर्बोची परीक्षा. मग उरलेली वळणं, चढ-उतार, आणि चार फेऱ्या झाल्या की शेडमध्ये वजनकाट्यावर गाडी आणून उभी करायची. इंजिन लगेच बंद करायचं नाही. तापलेल्या टर्बोला निवायला मिनिटभर तसंच चालू ठेवायचं. हे मिनिट कानसेनांनी सगळ्यांना घोटून घोटून शिकवलं होतं. मिनिट झालं की वहिनी किल्ली फिरवायच्या आणि म्हणायच्या, "झालं. उतरा." मगच कानसेन डोळे उघडायचे. आधी इंजिनाचा आवाज थांबलेला त्यांना कळत नसे असं थोडंच आहे! पण अठरा वर्षांची रीत ती रीत.

आठ महिन्यांपूर्वी, जुन्या गाडीच्या अंगात हे नवं इंजिन बसवून चाचणी चालली होती, तेव्हा वहिनींनी किल्ली फिरवली, "झालं, उतरा," म्हणाल्या, आणि ते उतरले नाहीत.

वहीत तीन ओळी होत्या. चौथी कोरी होती.

नव्या गाडीची पहिली चाचणी सुरेख झाली. वळणातून गाडी हातात राहिली, सरळ पट्टीवर हात सोडला तरी रेषेत धावली. वहिनींना वाटलं होतं की रडू येईल, हात थरथरतील. तसं काही झालं नाही. उलट गाडीत बसल्यापासून छातीवरचा धोंडा कुणीतरी उचलून बाजूला ठेवल्यासारखं झालं होतं. काट्यावर गाडी उभी करून त्यांनी मिनिट मोजलं, किल्ली फिरवली आणि मुकाट्याने खाली उतरल्या. ते दोन शब्द त्यांनी उच्चारले नाहीत. कुणाला म्हणायचे?

"आवाज करतेय कुठेतरी," त्या मिस्त्रींना म्हणाल्या.

"कुठे?"

"डावं दार. सरळ पट्टीवर."

"कसा आवाज?"

वहिनींनी क्षणभर मिस्त्रींकडे पाहिलं. "टकटक. दोनदा."

मिस्त्रींनी मान डोलावली आणि हत्यारं काढली. गाडीत नको असलेला आवाज म्हणजे मिस्त्रींच्या घरात शिरलेला चोर. त्यांनी दाराचं अस्तर काढलं, काच खालीवर केली, तारा फोमच्या पट्ट्यांनी गुंडाळल्या. रिकाम्या खुर्चीचा पट्टा हलून वाजत असेल म्हणून तो बकलात अडकवून ठेवला. दुसऱ्या दिवशी ध्वनिमुद्रक दारात बसवला. फीत ऐकली. होता आवाज, स्वच्छ होता. पहिल्या फेरीत, दुसऱ्या फेरीत, तिसऱ्या फेरीत. चौथ्या फेरीत नाही.

"तापल्यावर जातो," मिस्त्री म्हणाले. "कुठलातरी पत्रा गरम होऊन फुगतो आणि घट्ट बसतो. सापडेल."

"आणि हा पट्टा तुम्ही सैल केलात?" वहिनींनी विचारलं.

डाव्या खुर्चीचा पट्टा मिस्त्रींनी रिकाम्या खुर्चीला ताणून बांधला होता. आता तो वीतभर पुढे आलेला होता, मध्ये गोलाकार, पोटावरून जावा तसा. मिस्त्रींनी तो ओढून सोडला. सर्रकन आत गेला.

"स्प्रिंग नवी आहे," ते म्हणाले. पण कामात घालायची शीळ त्यांनी त्यानंतर बराच वेळ घातली नाही.

वहिनी रोज तासभर आधी यायला लागल्या होत्या. लेकीने फोनवर विचारलं, "आई, आवाज बरा वाटतोय तुझा. जेवतेस ना?" तर त्या हसल्या. खरं सांगायचं तर त्यांना ठाऊक होतं. पहिल्या टकटकीलाच ठाऊक झालं होतं. माणसाला हवं असतं ते कळायला फार अक्कल लागत नाही. ते कबूल करायला मात्र लागते. त्या सरळ पट्टीवर पाय दाबायच्या, गाडी क्षणभर विचारात पडायची, आणि त्या क्षणात वहिनींचा श्वास अडकलेला असायचा. मग टकटक. मग उरलेल्या फेरीत त्या बोलायच्या. लेकीने नवं कपाट घेतलं. शेजारीण पडली, पण हाड शाबूत आहे. नळ अजून गळतोय.

गाडीचे चारही कोपरे मिस्त्रींनी पहिल्याच दिवशी काट्यावर लावून घेतले होते. चार चाकांखाली चार पाट्या, प्रत्येकीला भिंतीवर एकेक मोठी तबकडी आणि तिच्यात काटा. चालवणारा आत बसतो, मिस्त्री प्रत्येक चाकाची स्प्रिंग पेचाने वरखाली करत काटे हव्या त्या आकड्यावर आणतात, आणि ते आकडे कार्डावर चढतात. पुढे कारखान्यातून निघणारी प्रत्येक गाडी त्या कार्डाबरहुकूम लावली जाते. कार्डावर सही वहिनींची. जुनी गाडी दोघांच्या वजनावर लावत. नवीसाठी साहेबांनी नियम बदलला होता: लोक अशी गाडी बहुतेक एकटेच चालवतात, तेव्हा ती एकट्या चालकावर लावायची. मिस्त्रींनी वहिनींना एकटीला बसवलं, पेच फिरवले, काटे जागेवर आणले, खडूने फळ्यावर आकडे लिहिले. अठरा वर्षं लिहीत आले होते तेच आकडे जवळजवळ. सवयीचा आकडा डोळ्यांत खुपत नाही. त्यामुळे एकट्या बाईच्या वजनावर दोघांचे आकडे आले आहेत हे ना त्यांच्या लक्षात आलं, ना वहिनींच्या.

लक्षात आणून दिलं पैलवानाने, आणि तेही जिवावर बेतल्यावर.

पैलवान हा दुसरा चालक. हाडं मोजावीत इतका काटकुळा, म्हणून पैलवान. गाडी मात्र लोण्यासारखी चालवायचा. बुधवारी दुपारी त्याची पाळी होती. दुसऱ्याच फेरीत सरळ पट्टीवर, टर्बोचा दम भरला त्या क्षणी, गाडी उजवीकडे ओढली गेली आणि दोन चाकं गवतात उतरली. कशीबशी सावरून तो शेडमध्ये आला तेव्हा त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"उजवीकडे जाते ही! पहिल्यापासून जाते. वळणात कळत नाही, पण पट्टीवर कुणी हाताला धरून ओढावं तशी जाते."

साहेब तिथेच होते. साहेब म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणारा माणूस. गाडी काचेआडून पाहायची आणि मत ठाम. "वहिनी आठवडाभर चालवताहेत. त्यांच्या हातात कशी सरळ जाते?"

"ते मला काय माहीत? तुम्ही बसा नि बघा."

हे बोलायला नको होतं. साहेब वहिनींकडे वळले. "तुम्ही दाखवा."

वहिनींनी चार फेऱ्या मारल्या. सरळ पट्टीवर दोन्ही हात वर करून दाखवले. गाडी रेषेतून बोटभर हलली नाही.

"झालं तर," साहेब म्हणाले. "काटे बरोबर, गाडी बरोबर. शुक्रवारी दुपारी कार्ड कारखान्यात जाईल. वहिनींची सही मला पुरे आहे. आणि शनिवारपासून दुसरा चालक बघू. नाचता येईना अंगण वाकडं, असली माणसं इथे नकोत." पैलवानाकडे न बघताच ते निघून गेले. पैलवान तोंडात मारल्यासारखा उभा राहिला. बावीस वर्षांच्या नोकरीत त्याच्या अंगावर असा ठपका कधी आला नव्हता.

वहिनी गाडीतून उतरल्या नव्हत्या. त्यांनी डावीकडे पाहिलं. खुर्ची रिकामी होती, आणि तिच्या गादीत मधोमध खोलगट दाब पडलेला होता.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी दोघांनाही लवकर बोलावलं. साहेबांना नाही.

"पैलवान, तू बस आधी."

पैलवान बसला. चारही काटे थरथरून थांबले. मिस्त्रींनी आकडे लिहिले, बेरीज केली, आणि डोकं खाजवलं. डावीकडचे दोन्ही काटे ढेपाळून खाली आले होते.

"आता वहिनी."

पैलवान आणि वहिनी यांच्या वजनात दोन किलोंचाही फरक नव्हता. ते तिघांनाही माहीत होतं, त्यावरून चेष्टाही व्हायची. वहिनी बसल्या, दार लावलं. उजवीकडचे काटे वर आले. मग, क्षणभराने, डावीकडचे चढले. सावकाश चढले. आधी थोडे, मग एकदम बाकीचे. जड अंगाचा माणूस आधी एक पाय आत टाकतो आणि मग धपकन बसतो तसे.

पैलवानाने ते पाहिलं आणि तो दोन पावलं मागे सरला. "मी बाहेर आहे," एवढंच म्हणाला आणि गेला.

मिस्त्रींनी बेरीज केली. एकदा केली, पुसली, परत केली. खडू त्यांच्या बोटांत मोडला.

"किती?" वहिनींनी आतून विचारलं.

"वहिनी, तुम्ही एकट्याच बसला आहात ना हो?"

"किती जास्त आहे ते सांगा."

"एक्क्याऐंशी."

कानसेनांचं वजन दर वर्षी डॉक्टरी तपासणीला एक्क्याऐंशी भरायचं. ते कमी करा म्हणून वहिनींनी जंग जंग पछाडलं होतं. मिस्त्रींना तो आकडा पाठ होता, कारण अठरा वर्षं तो त्यांच्या बेरजेत होता.

मिस्त्री पाठीमागच्या बाकावर बसले. त्यांनी टोपी काढली आणि ती हातात गोल गोल फिरवत राहिले. "मी देवाचंही फारसं करत नाही," ते म्हणाले. "पण काटा खोटं बोलत नाही. कानसेनभाऊ बसलेत तिथे."

"हो."

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"हो."

"मग बोलला का नाहीत? अहो, त्या पोराचा जीव गेला असता! आणि हे कार्ड कारखान्यात गेलं तर हजारो गाड्या अशाच लागतील. डावीकडे कुणी बसलंय असं धरून. आणि बसलेलं कुणीच नसणार!"

वहिनींनी स्टिअरिंगच्या चाकावर कपाळ टेकलं. त्यांना लाज वाटली, पण त्यांचा हात डावीकडे गेला नाही असं नाही. त्या खुर्चीच्या पाठीवर ठेवलेल्या तळहाताखाली कापड कोमट लागत होतं. टर्बोची गाडी, सगळीच गरम असते, असं म्हणता आलं असतं. पण सकाळपासून इंजिन सुरूच झालेलं नव्हतं.

"उपाय आहे," मिस्त्री म्हणाले. आवाज खाली आला होता. "मी पैलवानाला बसवून काटे लावतो. कार्डावर ते आकडे जातील. तुम्ही सही करा आणि उद्यापासून चालवू नका. कुणाला काही कळायचं नाही."

"आणि हे?"

"तुम्ही बसलात तरच ते बसतात, वहिनी. तुम्ही बसलाच नाहीत तर..."

"तर ते कुठे थांबतील?" वहिनी म्हणाल्या. "मिस्त्री, त्यांना थांबायला मीच सांगितलंय."

आणि मग त्यांनी ते सांगितलं, जे लेकीलाही सांगितलं नव्हतं. त्या दिवशी 'उतरा' म्हटल्यावर ते हलले नाहीत, तेव्हा त्यांनी खांदा धरून हलवलं. मान कलंडली. मिस्त्री त्या दिवशी रजेवर, शेडमध्ये दुसरं कुणी नाही. त्यांनी तशीच गाडी पुन्हा सुरू केली आणि अकरा किलोमीटरवरच्या इस्पितळाकडे सुसाट सोडली. छप्पर उघडं होतं. सगळा रस्ता एका हाताने त्यांना धरून त्या ओरडत होत्या, "उतरू नका हं! आत्ता उतरायचं नाही. बसून राहा. मी सांगेन तेव्हाच उतरा!" फाटकात माणसं धावत आली, त्यांनी कानसेनांना उचललं, आणि पहारेकऱ्याने गाडी वाटेतून काढा म्हणून घाई केली. गाडी लावून त्या परत आल्या तेव्हा पडदा ओढलेला होता.

"मी सांगितलंच नाही. मी सांगेन तेव्हा उतरा म्हटलं, आणि सांगितलंच नाही. अठरा वर्षांत माझ्या सांगण्याशिवाय कधी उतरलेत ते?"

मिस्त्रींनी टोपी गुडघ्यावर ठेवली.

"आणि ते मिनिट," वहिनी म्हणाल्या. "इंजिन निवावं म्हणून मी मिनिटभर थांबले होते. नळाला नवा वायसर बसवा म्हणून कटकट करत होते. त्या मिनिटात ते जिवंत असतील तर? लोखंड जळू नये म्हणून मी मिनिट मोजत बसले, मिस्त्री, आणि शेजारी माणूस..."

मिस्त्री उठले, गाडीपाशी आले, पण उजव्या बाजूने आले. डाव्या दाराकडे जायचं त्यांनी टाळलं.

"उद्या सकाळी एक चाचणी करते," शेवटी वहिनी म्हणाल्या. "आहेत त्याच आकड्यांवर. मग काय ते बघू. सही माझी, तर वजनही माझंच पाहिजे. दुसऱ्याच्या बुडाखालचे आकडे माझ्या नावावर नकोत."

शुक्रवारी ऊन लख्ख पडलं होतं. पैलवान कठड्याशी उभा होता. शनिवारी जायचं असलं तरी आजचा दिवस त्याने चुकवला नव्हता. वहिनींनी छप्पर मागे घेतलं आणि डाव्या खुर्चीचा पट्टा स्वतःच्या हाताने अडकवला, तोही सैल.

पहिल्या फेरीत आवळ वळणातून निघून त्यांनी पाय दाबला. गाडी विचारात पडली. टकटक. वहिनींनी मान हलवली. लेकीच्या कपाटाचं सांगितलं, रंग तिला आवडला नाही ते सांगितलं.

दुसऱ्या फेरीत टकटक. शेजारीण आता काठी घेऊन चालते. काठी मलाही लागेल म्हणते एक दिवस, जिभेला हाड नाही तिच्या.

तिसऱ्या फेरीत टकटक. पण या वेळी जरा उशिराने, आणि दुसरी टक अगदी हलकी, जेमतेम पेर टेकल्यासारखी. वहिनींचं बोलणं बंद झालं.

आठवडाभर ही गोष्ट त्यांच्या कानांवरून जात होती. तापल्यावर जातो, मिस्त्री म्हणाले होते, आणि त्यांनीही मान्य केलं होतं. तीन फेऱ्या, मग काही नाही. वहीत तीन ओळी, मग काही नाही. कानसेन आठ महिने तीच एक चाचणी देत होते, पुन्हा पुन्हा, जशी झाली तशी.

चौथ्या फेरीचं वळण आलं. वहिनींनी गाडी बाहेर काढली, सरळ पट्टी समोर उघडली, आणि पाय दाबला. गाडी विचारात पडली. वहिनींनी श्वास रोखला. पंखा गरगरला, दम भरला, गाडी सुटली. वाऱ्याखेरीज दुसरा आवाज नव्हता. पट्टी संपेपर्यंत नव्हता.

इथे. इथेच, त्या मिनिटाच्या कितीतरी आधी, अजून सगळी फेरी बाकी असताना. तिसरी ओळ लिहून त्यांनी डोळे मिटले आणि ते गेले. नळाची कटकट त्यांच्या कानांवर पडलीच नव्हती, आणि त्या मिनिटात वाचवण्यासारखं कुणी उरलंच नव्हतं. वहिनी उरलेली फेरी रडत चालवत होत्या आणि गाडी रेषेत धावत होती.

शेडमध्ये येऊन त्यांनी चारही चाकं पाट्यांवर नेमकी उभी केली. मिस्त्री फळ्याशी तयार होते. चारही काटे वर, दोघांच्या आकड्यावर. इंजिन चालूच होतं. वहिनींनी मिनिट मोजलं. पुरं साठपर्यंत मोजलं, कारण त्यांना घाईत काही सांगायचं नव्हतं, आणि कारण हे मिनिट कानसेनांनीच शिकवलेलं होतं. या मिनिटात त्या काही बोलल्या नाहीत. डावा हात खुर्चीच्या पाठीवर तेवढा ठेवला होता.

मग त्यांनी किल्ली फिरवली. शेड एकदम शांत झाली.

"अहो," त्या म्हणाल्या. "झालं. उतरा."

काटे हलले नाहीत. तापलेला पत्रा कुठेतरी कुरकुरला.

"झालं सगळं," वहिनी पुन्हा म्हणाल्या. "मी सांगायची राहिले होते. उतरा आता."

डावीकडचा पुढचा काटा थोडा खाली आला आणि थांबला. कानसेनांचा डावा गुडघा दुखायचा; ते आधी एक पाय बाहेर टाकून, दाराला धरून, जरा दम खायचे. काटा तसाच थांबून राहिला. मग डावीकडचे दोन्ही काटे एकदम खाली आले, मागेपुढे झुलले, आणि स्थिर झाले. पोटावरून जाणारा पट्टा सर्रकन आत ओढला गेला. डावं दार उघडलं नाही, वाजलं नाही. वहिनींच्या तळहाताखालचं कापड थंड होत गेलं.

त्या अजून गाडीतच होत्या.

"वहिनी," मिस्त्री म्हणाले. त्यांचा खडू हवेतच होता. "काय लिहू?"

"दिसतंय ते लिहा. आणि पेच फिरवायला घ्या. बारापर्यंत कार्ड द्यायचंय. साहेबांना सांगा, पैलवान बरोबर होता. माझ्या हातून चुकलं म्हणून सांगा."

मिस्त्रींनी जुने आकडे बाहीने पुसले. त्यांच्या जागी नवे लिहिले. मग गाडीखाली शिरले. दीड तास पाना फिरल्याचा आवाज येत राहिला आणि वहिनी हलल्या नाहीत, कारण काटे लावताना चालकाने हलायचं नसतं.

साडेअकराला त्यांनी एकटीने एक फेरी मारली. सरळ पट्टीवर गाडी विचारात पडली, सुटली, रेषेत गेली. त्यांनी सगळी पट्टीभर कान टवकारून ऐकलं. मग पैलवानाला चावी दिली. तो गेला आणि आला, आणि उतरल्यावर त्याने अंगठा वर केला.

वहिनींनी कार्डावर सही केली. पर्स उचलली, दोन पावलं गेल्या आणि दारातून परत वळल्या.

"मिस्त्री, तुमच्याकडे अर्ध्या इंचाचा वायसर असेल का हो एखादा? घरचा नळ गळतोय. आठ महिने झाले."